ग्रामसभेचा हिशेब आणि त्याची दुसरी प्रत

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून फळीवर आणतात. सत्तर पानांचं एक पुडकं. कोणाच्या घरची किती पुडकी आली, ते त्याच दिवशी लिहून घेतात. मजुरी लवकर मिळते. रॉयल्टीची रक्कम मात्र मागाहून येते, कधी कधी पुष्कळ महिन्यांनी. ती वाटायची तर मे महिन्यातला आकडा तोवर शाबूत पाहिजे. आकडा गेला, तर जो तो आपला आकडा तोंडानं सांगणार. मग भांडणाला किती वेळ लागतो?

आपल्या धानोरा तालुक्यात ग्रामसभेचं दप्तर फार मोलाचं आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो मिळाला. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्या गावी आले. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक त्यांनी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. परवाना गावानं फाडायचा, म्हणजे त्याचा हिशेबही गावानंच ठेवायचा. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांना नंतर असे हक्क मिळाले. हक्काचा दावा करताना जुने सरकारी कागद, नकाशे, म्हाताऱ्या माणसांचं सांगणं हे सारं पुरावा म्हणून चालतं. आज आपण लिहिलेला कागद उद्या नातवाच्या कामी येईल तो असा.

आता हे दप्तर वहीतून कॉम्प्युटरमध्ये जाऊ लागलं आहे. ते बरंच आहे. बेरीज चटकन होते, नाव चटकन सापडतं. पण ‘कॉम्प्युटरमध्ये घातलं, आता काळजी मिटली’ असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. वहीला वाळवी लागते, तसे कॉम्प्युटरचेही शत्रू आहेत.

कॉम्प्युटरच्या पोटात माहिती साठवण्याची एक डबी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. पुष्कळ डिस्कमध्ये एक गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. तिच्यावर अगदी केसाहून कमी अंतरावर एक बारीक टोक तरंगत असतं. चालू असताना धक्का बसला की टोक तबकडीला घासतं आणि माहिती जाते. नव्या डिस्कमध्ये तबकडी नसते, तरी त्याही एक दिवस बंद पडतातच. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात वीज कडाडते, दिवे येतात जातात. ढग गडगडू लागले की कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसतं बटण बंद केलं तर भागत नाही.

आग काय फक्त गवताच्या घराला लागते? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली. वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. राज्याचं सर्वांत मोठं कार्यालय ते! ज्या कागदांची प्रत दुसरीकडे होती, ते परत मिळवता आले.

धानाचं सगळं बियाणं कोणी एकाच कणगीत ठेवत नाही. एकीला उंदीर लागले तर दुसरी कामाला येते. कॉम्प्युटरच्या माहितीचंही तसंच करायचं. जाणकार म्हणतात, तीन प्रती असाव्यात. एक कॉम्प्युटरमध्ये. दुसरी पेनड्राइव्हवर किंवा सुट्या हार्ड डिस्कवर. तिसरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. इंटरनेट चालत असेल तर तिसरी प्रत तिथं ठेवता येते, पण आपल्या भागात रेंजचा भरवसा किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरशेजारीच ठेवला तर उपयोग नाही. चोर आला तर दोन्ही नेईल.

प्रत काढली की पेनड्राइव्ह लगेच काढून घ्यावा. याचं कारण आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची एक कॉम्प्युटरची कीड जगभर पसरली. दीडशेहून अधिक देशांत ती पोचली. विलायतेत इस्पितळांचं काम अडलं. ती कीड फायलींना कुलूप लावायची आणि किल्लीचे पैसे मागायची. अशी कीड जोडलेल्या पेनड्राइव्हलाही सोडत नाही. कपाटात काढून ठेवलेल्याला मात्र ती शिवू शकत नाही.

प्रत केव्हा काढायची? तेंदूच्या हंगामात रोज संध्याकाळी. एरवी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, म्हणजे लक्षात राहतं. आणि दोन-तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून वाचून पाहावी. हे काम कोणी करत नाही, आणि नेमका घोळ इथंच होतो. प्रत असते, पण उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात! जुन्या तऱ्हेच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर वाचता येत नाही. म्हणून युनिकोडमध्ये लिहावं. ते गडचिरोलीत, नागपुरात, दिल्लीत सारखंच दिसतं.

युनिकोडमध्ये लिहायला ‘इनस्क्रिप्ट’ नावाची अक्षरांची मांडणी चांगली. आपल्या देशाची ती ठरलेली मांडणी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे लवकर उमगतं. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना जुनी मांडणी बरी वाटते. त्यांना ती असू द्यावी, युनिकोडमध्ये तीही चालते.

अक्षरांची पाटी, म्हणजे कीबोर्ड, घेताना घाई करू नये. लिहिणाऱ्यालाच दुकानात न्यावं. त्यानं गावाचं नाव दहा वेळा लिहून पाहावं. बटण हलक्या हातानं दबलं पाहिजे आणि दबल्याचं बोटाला कळलं पाहिजे. देवनागरी अक्षरं छापलेली असावीत, नसतील तर चिकटवायची मिळतात. पाटी कोपराच्या उंचीला असावी आणि मनगट सरळ राहावं. तिचे मागचे पाय उभे केले की मनगट वर वळतं, म्हणून ते मिटूनच ठेवावे. लॅपटॉप जमिनीवर ठेवून वाकून लिहिणाऱ्या पोरांची मान आणि मनगटं दुखतात. मग नोंदी ‘उद्या करू’ म्हणून राहतात. जी नोंद केलीच नाही, तिची प्रत कुठून येणार? लॅपटॉपला काही शे रुपयांची वेगळी पाटी जोडावी आणि खाली टेबल द्यावं. ग्रामसभेनं हा खर्च खुशाल मंजूर करावा.

एक गोष्ट राहिली, पासवर्डची. हिशेब लिहिणारा पोरगा नोकरीला परगावी गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असं होऊ देऊ नये. तो कागदावर लिहून पाकिटात घालावा. पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन ते ग्रामसभेच्या पेटीत ठेवावं. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावं.