कुलूप लावताना ठाण्याला निरोप

उन्हाळ्याची सुट्टी हा बंद घरांचा हंगाम होय. परीक्षा आटोपल्या की कुटुंबे गावी वा यात्रेला निघतात आणि मागे उरते ते दाराला लटकलेले कुलूप. फाटकापाशी साचत जाणारी वर्तमानपत्रे आणि भर दुपारीही जळत राहिलेला व्हरांड्यातील दिवा हे दोघे मिळून घर रिकामे असल्याची दवंडी पिटत असतात. म्हणूनच प्रवासाचा बेत चारचौघांत बोलू नये, अशी जुन्या माणसांची शिकवण असते. केरळचे पोलीस मात्र गेली काही वर्षे नागरिकांना विनंती करीत आले आहेत की, घर बंद करून जाणार असाल तर आम्हांला अवश्य कळवा.

केरळ पोलिसांनी २०२० साली ‘पोल-ॲप’ ही मोबाइल सेवा सुरू केली. तीत बंद घराची नोंद करण्याची सोय आहे. प्रवासाच्या तारखा, घराचा पत्ता आणि जवळपास राहणाऱ्या नातलगाचे किंवा शेजाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक एवढी माहिती दिली की ती त्या भागातील ठाण्याकडे पोहोचते आणि चौदा दिवसांपर्यंत त्या घरावर गस्तीची नजर राहते.

सोय साधी दिसते. परंतु तिच्या मुळाशी एक अवघड गोष्ट आहे. आपले घर अमुक दिवस रिकामे राहणार, हे मनुष्य फक्त विश्वासातल्या व्यक्तीलाच सांगतो. ठाण्याची पायरी चढावयाची नाही, हा ज्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत, तेथे हा विश्वास कोठून यावा? केरळात त्याची पायाभरणी बरीच आधी झाली होती. न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशीनंतर २००८ साली काही निवडक ठाण्यांत ‘जनमैत्री सुरक्षा’ योजना सुरू झाली. शब्द मल्याळम असला तरी मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागू नये. साधारणपणे पाचशे घरांचा एक बीट, त्या बीटचा एक ठरलेला पोलीस कर्मचारी आणि त्याने प्रत्येक घरी जाऊन निदान एका तरी सदस्याशी ओळख ठेवावी, अशी तिची रचना. मुले आखाती देशांत आणि वृद्ध आईवडील गावातल्या मोठ्या घरात एकटे, हे चित्र केरळात घरोघरी आढळते. अशा दारी गुन्हा घडण्यापूर्वीच पोलीस विचारपूस करून गेलेला असेल, तर पुढे त्यालाच कुलपाची वर्दी देण्यात संकोच वाटत नाही. यंत्रणा मोबाइलवर आली ती नंतर. ओळख आधी झाली.

सुट्टीत मोकळी असतात ती मुलेही. केरळात ४४ नद्या. शिवाय तळी, कालवे आणि दगड काढून झाल्यावर पाण्याने भरलेल्या खाणी. एप्रिल-मे महिन्यांत पोहावयास गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत पुष्कळदा एकाला वाचविण्यासाठी उडी घेतलेला दुसराही गेलेला असतो. बुडणाऱ्याकडे दोर, बांबू किंवा नेसूचे वस्त्र फेकावे, स्वतः पाण्यात शिरू नये, हा धडा पुस्तकातून क्वचितच अंगी मुरतो. तो सरावाने, बरोबरीच्या मुलांसमवेत शिकावा लागतो.

या वयातील मुलांना पोलिसांशी जोडणारा ‘विद्यार्थी पोलीस कॅडेट’ उपक्रम २ ऑगस्ट २०१० रोजी केरळात १२७ शाळांतून सुरू झाला. शाळेच्या एका तुकडीत ४४ कॅडेट, त्यांत निम्म्या मुली. आठवी-नववीची ही मुले दोन वर्षे कवायतीबरोबरच रहदारीचे नियम, कायद्याची तोंडओळख आणि सार्वजनिक शिस्त शिकतात. ओणम व नाताळाप्रमाणेच उन्हाळ्यातही त्यांची शिबिरे भरतात. पुढे २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राम येथून हा उपक्रम देशपातळीवर नेण्यात आला. खाकी गणवेशाचे आकर्षण मुलांना असतेच; पण त्याहून मोलाचे हे की, ज्या ठाण्याचे नाव काढून त्यांना लहानपणी भिवविले जात असे, तेथील हवालदारच त्यांना नावाने हाक मारू लागतो.

गस्त कितीही चोख असली तरी दागिन्यांची पेटी कपाटात ठेवून निघणे शहाणपणाचे नाही. बँकेच्या लॉकरसंबंधी रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. या निमित्ताने नामनिर्देशनही तपासून घ्यावे. सुट्टीच्या धांदलीत ते हमखास राहून जाते. प्रवासाचे आरक्षण करताना बनावट हॉटेलाच्या वा तिकिटाच्या नावाखाली पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर बँकेला ती रोखून धरता येते. येथे एकेक मिनिट मोलाचे असते.

जूनच्या आरंभी केरळात शाळा उघडतात, बहुधा त्याच सुमारास मोसमी पाऊसही दाखल होतो. प्रवासाहून परतलेली घरे पुन्हा उजळतात. शाळेच्या फाटकासमोर छत्र्यांची गर्दी होते आणि भर पावसात धाकट्या मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी खाकीतले काही कॅडेट हात पसरून उभे राहतात.