जुन्या क्यूचं वय कसं ओळखायचं?



इतिहासाची भौतिक साधने शिकवताना आपण नाणी, भांडी, इमारती एवढ्यावर थांबतो. आज एक वेगळी वस्तू घेऊ. बिलियर्ड्सची जुनी क्यू, म्हणजे चेंडूला टोला द्यायची लाकडी काठी. खेळ परका वाटेल, पण 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मलेले.

आमच्या उरणकरांनी मोऱ्याहून लाँच पकडली, भाऊच्या धक्क्याला उतरले, की चोर बाजार फार लांब नाही. तिथे किंवा कुठेही कोणी "साहेबाच्या काळातली आहे" म्हणून क्यू पुढे केली, तर काय पाहाल?

बहुतेक जण बिल्ला पाहतात. काठीच्या जाड बुडाशी कंपनीच्या किंवा खेळाडूच्या नावाचा छोटा बिल्ला असतो. वॉल्टर लिंड्रम या ऑस्ट्रेलियन खेळाडूने 1932 मध्ये एका खेपेत सलग 4137 गुण केले. हा आकडा बिल्ल्यावर असेल तर बिल्ला 1932 च्या आधीचा असूच शकत नाही. इथे थांबून मुलांना विचारा, "मग ही क्यू 1932 ची का?" बरीच मुलं हो म्हणतील. पण बिल्ला फक्त आधीच्या बाजूची हद्द सांगतो, "याच्या आधीची नाही" एवढंच. क्यू 1950 चीही असेल. शिवाय बिल्ला काढून दुसऱ्या काठीवर बसवता येतो. (मोठी माणसं हीच गफलत पैसे मोजून करतात!)

म्हणून सांधा बघा. बुडाचं जड, गडद लाकूड, बहुधा आबनूस, आणि पुढचं फिकट अॅश किंवा मेपल जिथे जुळतं, तिथे निमुळती टोकं दिसतात. हाताने सांधलेली टोकं वर गोलसर होतात, यंत्राने कापलेली सरळ नि अणकुचीदार. मात्र हातकाम आजही चालतं, तेव्हा गोल टोक म्हणजे जुनी क्यू, असं समजू नका.

अमेरिकन पूलमध्ये नाव आणखी फसवं. जॉर्ज बालबुष्का हा तिथला नावाजलेला कारागीर, 1975 मध्ये वारला. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचं सांधलेलं लाकूड वापरी, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांनी सांधलेलं. त्याच्या नावाच्या नकला पुष्कळ, म्हणून जाणकार नावाआधी सांध्याची घडण तपासतात.

टोकाची चामड्याची टिकली झिजते, बदलावी लागते. तिच्यावरून वय काढूच नका. आणि पालकांनो, घरात अशी क्यू असेल तर पॉलिश पेपरने घासू नका. जुना रंग, हाताचे डाग, खरवडलेलं नाव, सगळा पुरावा त्यातच जातो. टोकाला पांढरी टोपी हस्तिदंताची वाटली तर विकण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे तो व्यापार बेकायदा आहे.

वर्गात क्यू कुठून आणणार? आजीचं शिलाई मशीन किंवा घरातली हार्मोनियम चालेल. मुलांना दोन रकाने आखायला सांगा: मूळचं काय, नंतर बदललेलं काय. वर्ष लिहायचं ते त्यानंतर.