हायड्रेंजिया : फुलांचा रंग मातीच्या हाती

हिवाळा सरता सरता शहरांतील रोपवाटिकांच्या दारात निळ्या-गुलाबी गुच्छांनी लगडलेल्या हायड्रेंजियाच्या कुंड्या दिसू लागतात. तळहाताहून मोठा गुच्छ आणि कित्येक आठवडे टिकणारा बहर पाहून ग्राहक मोहात पडतो. कुंडी घरी येते, बाल्कनीत तिला मानाची जागा मिळते. पुढच्या वर्षी मात्र झाडाला नुसती पानेच येतात किंवा निळे म्हणून आणलेले झाड गुलाबी फुलते. मग रोपवाटिकेने फसवले, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो माती, पाणी आणि कात्री यांचा.

हे झुडूप मूळचे जपानचे. तेथे त्याला 'अजिसाई' म्हणतात आणि जूनमधील पावसाळ्याचे फूल म्हणून ते ओळखले जाते. कामाकुरा येथील मेइगेत्सु-इन हे मंदिर तर 'अजिसाईचे मंदिर' म्हणूनच प्रसिद्ध आहे. सौम्य ऊन, दमट हवा आणि थंडावा या वातावरणात ते वाढले. भारतात उटी, दार्जिलिंग, सिमला अशा थंड हवेच्या ठिकाणी ते सहज रुळले, याचे कारणही हेच. मैदानी शहरात त्याला यातील जेवढे देता येईल, तेवढे ते टिकते.

रंग कशाने बदलतो?

हायड्रेंजियाच्या ज्या रंगीत पाकळ्या म्हणून ओळखल्या जातात, त्या वस्तुतः निदले असतात. गुलाबी आणि निळ्या फुलांतील मूळ रंगद्रव्य एकच असते. त्याला अॅल्युमिनियमची जोड मिळाली की फूल निळे होते. ती न मिळाल्यास गुलाबी राहते. अॅल्युमिनियम जवळपास प्रत्येक मातीत असते, पण आम्लधर्मी मातीतच ते विरघळून मुळांना मिळते. मातीचा सामू ५.५ च्या खाली असेल तर फुले निळी, ६.५ च्या आसपास किंवा वर असेल तर गुलाबी आणि मधल्या टप्प्यात जांभळी येतात. पांढऱ्या जातींना हा नियम लागू नाही.

महाराष्ट्रात याला विशेष अर्थ आहे. कोकणातील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, तर देशावरील काळी माती चुनखडीयुक्त. तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. काळ्या मातीत निळे फूल मिळणे कठीणच, शिवाय लोहही मुळांना मिळत नाही. मग शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी पाने दिसू लागतात. कूपनलिकेचे जड पाणी सतत दिल्यासही मातीचा आम्लपणा हळूहळू मोडतो. त्यामुळे पहिल्या वर्षी निळे असलेले झाड दुसऱ्या वर्षी गुलाबी होते.

मातीत चुना आहे का, हे घरीच पाहता येते. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुनखडी आहे असे समजावे. नेमका सामू जाणण्यासाठी मृद चाचणी प्रयोगशाळेचा आधार घ्यावा.

कुंडी, पाणी आणि खत

बारा ते चौदा इंची कुंडी घ्यावी. तांबडी माती, कुजलेल्या पानांचे खत आणि धुतलेले कोकोपीट समभाग घ्यावे. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि दुपारी सावली, अशी पूर्वेकडील बाल्कनी या झाडाला उत्तम. पश्चिमेकडील कडक उन्हात पानांच्या कडा करपतात.

दुपारी पाने मलूल झाली की पाणी ओतण्याची घाई होते. आधी बोट मातीत दोन इंच खुपसून पाहावे. माती ओली असेल, तर झाड केवळ उष्म्याने मलूल झालेले असते आणि संध्याकाळी आपोआप सावरते. ओल्या मातीत वारंवार पाणी दिल्यास मुळे कुजतात. शक्य असेल तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. मुसळधार पावसात कुंडी आडोशाला हलवावी.

निळा रंग हवा असेल तर घरातील तुरटी उपयोगी पडते, कारण ती अॅल्युमिनियमचेच लवण आहे. चार लिटर पाण्यात एक चहाचा चमचा तुरटीची पूड विरघळवून, कळ्या दिसू लागण्याच्या आधीपासून दर दोन-तीन आठवड्यांनी द्यावी. माती आधी ओली असावी. प्रमाण वाढवल्यास मुळे भाजतात. सुपर फॉस्फेट, हाडांचे खत, राख, अंड्याची टरफले ही मात्र टाळावीत. स्फुरद अॅल्युमिनियमला बांधून ठेवतो आणि चुना व राख आम्लपणा घालवतात. मुळाशी लोखंडी खिळे पुरण्याची जुनी समजूतही निराधार आहे. रंग लोहाने बदलत नाही.

दसऱ्यानंतर कात्री नको

बाजारात सर्वाधिक मिळणारी मोठ्या पानांची हायड्रेंजिया जुन्या फांदीवर फुलते. पावसाळा संपून रात्री गार होऊ लागल्या की फांद्यांच्या शेंड्यांवर पुढच्या बहराच्या कळ्या आकार घेतात. हिवाळ्यात झाड नीटनेटके करण्यासाठी शेंडे छाटले, तर त्या वर्षाची फुलेही छाटली जातात. छाटणी करायची ती बहर ओसरताच, फार तर पावसाळ्याच्या सुरुवातीस. सुकलेल्या गुच्छाखालील पहिल्या जोमदार पानांच्या जोडीवर काप घ्यावा. दसऱ्यानंतर केवळ वाळलेल्या फांद्या काढाव्यात.

कळी धरण्यासाठी या झाडाला साधारण सहा आठवडे १८ अंश सेल्सिअसच्या आतील थंडावा लागतो. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यातील रात्री तो देऊ शकतात. मुंबईच्या उबदार हिवाळ्यात तो मिळणे अवघड. बाजारातील बहरलेल्या कुंड्या बहुधा थंड हवेत वाढवलेल्या असतात. म्हणून मुंबईकराने दुसऱ्या वर्षी फूल न आल्यास स्वतःला किंवा झाडाला दोष देऊ नये. तेथे या झाडाकडे एका बहराचे पाहुणे म्हणून पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

रोग, कीड आणि नवी रोपे

दमट, कोंदट जागी पानांवर भुरी आणि ठिपके पडतात. पाणी पानांवर न टाकता मुळाशी द्यावे आणि कुंड्यांत अंतर ठेवावे. मावा, लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलीलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. या झाडाचे सर्व भाग पोटात गेल्यास विषारी असतात. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी.

पावसाळ्यात फूल न आलेल्या फांदीचे चार-पाच इंची छाट घेऊन, खालची पाने काढून आणि वरची पाने अर्धी कापून वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात लावावेत. सावलीत, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. मूळ झाड पुढे दगावले, तरी त्याची पुढची पिढी हाताशी राहते.