पॅडमधील जेल कुजत का नाही?

दरेकसा येथील महिलांच्या बैठकीत एका ताईंनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, वापरलेले पॅड पुरले, पावसाळ्यानंतर खणले तर तसेच! ते कुजत का नाही?"

प्रश्न रास्त आहे. वरचे आवरण प्लास्टिकचे असते. शिवाय बहुतेक पॅडमध्ये व बाळाच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटचे पांढरे दाणे असतात. शुद्ध पाणी ते आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. त्यांचे लांबलचक रेणू जाळ्यासारखे बांधलेले असल्याने दाणा फुगतो, पण विरघळत नाही. मातीतील जंतूंनाही तो सहजी फुटत नाही.

हे रेणू ध्वनीने तुटतात. सेकंदाला २० हजारांहून अधिक कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा जोरदार ध्वनी पाण्यात सोडला की सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात. त्या हिसक्याने रेणूंच्या साखळ्या तुटतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली जाळ्याच्या गाठी आधी रसायनाने सोडविल्या, मग ध्वनीने साखळ्या आखूड केल्या आणि त्यापासून चिकटपट्टीचा गोंद बनविला. सोनोग्राफीतील ध्वनी मात्र सौम्य असतो, गर्भवती भगिनींनी घाबरू नये.

हे तंत्र गावोगाव पोहोचेपर्यंत पथ्य आपल्याच हाती आहे. पॅड, डायपर संडासात वा नाल्यात टाकू नयेत, चुलीत जाळू नयेत. कागदात गुंडाळून वेगळे ठेवावेत व ग्रामपंचायतीकडे त्यांच्या विल्हेवाटीची सोय मागावी. सुती कापड वापरत असल्यास साबणाने धुऊन कडक उन्हातच वाळवावे. त्यात लाज कसली?