भजन की गोंगाट ?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1983 च्या सुमारास ‘स्ट्रायपर’ हे गायक-वादकांचे मंडळ निघाले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट पोशाख, मोकळे सोडलेले लांब केस आणि ‘हेवी मेटल’ नावाचे कानठळ्या बसविणारे संगीत, असा त्यांचा थाट; गीतांचा विषय मात्र येशू ख्रिस्त ! आपल्या नावाखाली ते बायबलातील यशया 53:5 या वचनाचा निर्देश करीत. प्रभूच्या अंगावरील वळांनी आम्हांस आरोग्य लाभले, असा त्या वचनाचा भाव. वळ आणि पट्टा यांना इंग्रजीत शब्द एकच असल्याने पोशाखाचाही उलगडा होतो.

कार्यक्रम चालू असता ही मंडळी श्रोत्यांत ‘नव्या करारा’च्या प्रती फेकीत. अनेक धर्मनिष्ठांना ही ग्रंथाची विटंबना वाटली. फेकणे आम्हांसही रुचत नाही. परंतु जो तरुण देवळाची पायरी चढत नाही, त्याच्या हाती तो ग्रंथ एरवी पडला असता काय, हा प्रश्न उरतोच.

दूरचित्रवाणीवरील विख्यात धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी 1987 साली अशा संगीताविरुद्ध पुस्तकच प्रसिद्ध केले आणि त्यास मेंढराचे कातडे पांघरलेला लांडगा ठरविले. मौज अशी की, मंडळातील मायकेल व रॉबर्ट हे स्वीट बंधू बालवयात श्रद्धेकडे वळले, ते याच स्वॅगर्टांची प्रवचने पाहून ! शिवाय रॉक संगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, जेरी ली लुईस, हे स्वॅगर्टांचे नात्याने भाऊच.

पुढे 1990 च्या ध्वनिमुद्रिकेत मंडळाने पट्टे उतरविले आणि गीतांतील उघड धर्मोपदेशही. तेव्हा त्यांना दोष देण्यास त्यांचे जुने ख्रिस्ती चाहतेच पुढे सरसावले.