प्लेगनंतर मजूर महागले

लंडनमध्ये ईस्ट स्मिथफील्ड इथे एक जुनी दफनभूमी आहे. १३४८-४९च्या प्लेगमध्ये मृतदेह पुरायला शहरात जागा पुरेना, तेव्हा ती खास राखली गेली. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून शास्त्रज्ञांनी येर्सिनिया पेस्टिस या प्लेगच्या जिवाणूचा डीएनए काढला आणि २०११मध्ये त्याचा जनुकीय आराखडा जुळवला. दातच का, तर दाताच्या पोकळीत मरतेवेळच्या रक्ताचा अंश टिकून राहतो. हा जिवाणू आजच्या प्लेगच्या जिवाणूपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. म्हणजे एवढ्या संहाराचं सगळं खापर त्याच्यावर फोडता येईना.

माणसं आधीच खंगलेली होती. १३१५-१७च्या अतिवृष्टीत पिकं सडून उत्तर युरोपात मोठा दुष्काळ पडला होता. मानवशास्त्रज्ञ शॅरन डीविट यांनी ईस्ट स्मिथफील्डचे सांगाडे तपासले, तेव्हा हाडांवर जुन्या हालअपेष्टांच्या खुणा असलेल्यांना प्लेगने जास्त गाठलं, असं दिसलं. मरणाला गरीब-श्रीमंत सारखेच, हे म्हणायला ठीक. हाडं तसं म्हणत नाहीत.

युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. जमीन मात्र तेवढीच राहिली. इंग्लंडात पिकं उभी आणि कापायला हात नाहीत, अशी गत झाली. उरलेल्या मजुरांनी साहजिकच दर वाढवून मागितले. राजा तिसऱ्या एडवर्डने १३४९मध्ये हुकूम काढला: मजुरी प्लेगपूर्वीच्या दराने घ्यायची, आणि साठीच्या आतल्या धडधाकट, पोटापाण्याचं साधन नसलेल्या माणसाने काम नाकारायचं नाही. १३५१मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. दंड वसूल झाले, पण सुगी तोंडावर आली की जमीनदारच गुपचूप जास्त पैसे मोजत. १३६३मध्ये कोणी कोणतं कापड अंगावर घालावं, याचाही कायदा आला. खालच्यांच्या अंगावर बरे कपडे दिसू लागल्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

डोईपट्टीवरून, म्हणजे माणशी लावलेल्या करावरून, १३८१मध्ये इंग्लंडातल्या शेतकऱ्यांचा भडका उडाला. बंडखोरांनी लंडनमधला सॅव्हॉय राजवाडा जाळला, कँटरबरीच्या आर्चबिशपचं डोकं उडवलं. चौदा वर्षांचा राजा दुसऱ्या रिचर्डने त्यांना भूदासगिरीतून, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेपणातून, मुक्तीचं वचन दिलं आणि बंड मोडताच ते फिरवलं. तरी पुढच्या शंभरेक वर्षांत इंग्लंडातली भूदासगिरी जवळजवळ विरून गेली.

प्लेगने शेतकरी मुक्त केला, असं सरसकट लिहिणारे एल्बे नदीच्या पलीकडे, पूर्व युरोपात पाहत नाहीत. तिथेही पुढे माणसांची टंचाई होतीच. पण शहरं दुबळी, सरदार बळकट, आणि पश्चिमेकडे धान्य विकून मिळणारा पैसा मोठा. त्यामुळे पोलंड आणि प्रशियात पंधराव्या-सोळाव्या शतकांत शेतकरी जमिनीला आणखी घट्ट जखडला गेला, आणि त्याच्या वेठीचे दिवस वाढत गेले.