दुखणं कधी सुरू झालं?

सुरतेतल्या एका मोठ्या रुग्णालयाची लॅब. रातपाळीच्या टेक्निशियनताई मूळच्या नवापूरच्या, त्यामुळे मराठी आणि गुजराती दोन्ही त्यांना घरच्याच. पहाटे कॅज्युअल्टीतून तीन नळ्या आल्या: निळ्या, जांभळ्या आणि लाल झाकणाची. सोबतच्या फॉर्मवर लिहिलेलं, पुरुष, लूम कामगार, बीपीच्या गोळ्या बंद, छातीतून पाठीत गेलेली कळ. खाली प्रश्नचिन्हासह ‘डायसेक्शन’.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतलं अस्तर चिरलं की दाबाखालचं रक्त थरांमध्ये घुसतं आणि भिंत उकलत जाते; हेच डायसेक्शन. हृदयालगतचा भाग फाटला, तर तो ‘टाइप ए’. शस्त्रक्रिया झाली नाही तर पहिल्या दोन दिवसांत तासाला एक-दोन टक्के रोगी दगावतात, हा डॉक्टरांचा जुना हिशेब. निदान सीटीवर होतं. शरीरात दाह किती पेटलाय, हे रक्त सांगतं.

ताईंनी आधी निळी नळी उजेडात धरली. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हवं. रक्त रेघेपर्यंत नसेल तर त्या नमुना परत पाठवतात. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर आली तेव्हा वर पिवळसर प्लाझ्मा आणि तळाला लाल थर होता. या प्लाझ्म्यात डी-डायमर मोजतात, म्हणजे गुठळी विरघळताना सुटलेले फायब्रिनचे तुकडे. भिंत उकलली की ते झपाट्याने वाढतात. संशय मुळात कमी असेल आणि आकडा मिलीलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या आत असेल, तर डायसेक्शनची शक्यता फार कमी. मात्र रक्त भिंतीतच गोठून बसलं असेल, तर हा आकडा चकवतो.

जांभळ्या नळीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मिनिटभरात आला: पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १०. ताईंनी लिशमन रंगाने रंगवलेली स्लाइड मला दाखवली. जिकडे पाहावं तिकडे तीन-चार तुकड्यांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल; गोल, गडद केंद्रकाचा लिम्फोसाइट शोधावा लागत होता. दोघांचं गुणोत्तर निरोगी माणसात साधारण एक ते तीन असतं. इथे ते आठच्या वर होतं. शरीरावर असा घाला आला की कॉर्टिसॉल वाढतं. न्यूट्रोफिल रक्तात उतरतात, लिम्फोसाइट घटतात.

मग लाल नळीतला, दाह मोजणारा सीआरपी आला: ४. मला हायसं वाटलं.

“एवढ्यात खूश होऊ नका,” ताई म्हणाल्या. “कळ कधी आली, ते कुठं लिहिलंय?”

फॉर्मवरचा तो रकाना कोरा होता. त्यांनी कॅज्युअल्टीला फोन लावला. “दुखावो केटला वाग्ये शरू थयो?” उत्तर आलं, रातपाळीत, अडीचच्या सुमारास. म्हणजे रक्त काढलं तेव्हा जेमतेम चार तास झाले होते.

सीआरपी यकृतात तयार होतो. इजेनंतर सहा-आठ तासांनी तो वर सरकू लागतो आणि सुमारे ४८ तासांनी शिखर गाठतो. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडला. दाह फुप्फुसातला की धमनीतला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे ४ या आकड्याचा अर्थ एवढाच, की माणूस लवकर पोचला. उद्या तो शंभरावर गेला, तरी तेवढ्यावरून प्रकृती बिघडली असं म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेनेही तो चढतोच.

दाखल होताना डी-डायमर, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर आणि सीआरपी हे आकडे चढे असलेल्यांत मृत्यू जास्त होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण तीन तासांत आलेला आणि ‘गॅस झालाय’ म्हणून दोन दिवस घरी काढून आलेला, यांचे सीआरपी एकाच तराजूत तोलले, तर निष्कर्ष डळमळतो. शिवाय ज्याची धमनी सगळ्यात वाईट फाटली, तो सीआरपी चढण्याआधीच जाऊ शकतो. नोंदीत त्याचा आकडा कमीच राहतो. तसंही टाइप एमध्ये सर्जन या आकड्यांसाठी थांबत नाहीत.

ताईंनी कोऱ्या रकान्यात २.३० लिहिलं आणि रिपोर्टच्या शेऱ्यात, सीआरपीच्या शेजारी, रक्त काढल्याच्या वेळेसह तेच टाइप केलं. आयसीयूत पुढचा नमुना घेतील, तेव्हा या चाराची तुलना कोणत्या तासाशी करायची, हे तिथल्या डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.